कोलेस्टेरॉल कमी आलं, पण कशामुळे?

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्यासमोर ‘२०० पेक्षा कमी’ एवढंच छापलेलं असतं. किती कमी चालेल, हे बहुतेक रिपोर्टवर नसतं. त्यामुळे आकडा २२० आला की तो ठळक अक्षरांत उठून दिसतो, घरात चर्चा होते, दुसऱ्या दिवसापासून तूप बंद होतं. १०५ आला तर कागद मुकाट्यानं फाइलमध्ये जातो. कुणी विचारलंच तर ‘कोलेस्टेरॉल एकदम छान आहे’ असं सांगितलं जातं.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तोच माणूस गेल्या तीन-चार महिन्यांत पाच-सहा किलोंनी उतरला असेल, जेवण जात नसेल, गालाच्या आतला चट्टा भरून येत नसेल, तर १०५ या आकड्याकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. विशेषतः मागच्या वर्षी त्याचाच आकडा १८० असेल आणि मधल्या काळात त्यानं ना औषध घेतलं ना पथ्य केलं, तर.

बीड जिल्ह्यात ही नजर ठेवणं जरा अवघड जातं. दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. पहाटेपासून फडात राबायचं, मोळ्या वाहायच्या, मिळेल तेव्हा खायचं. हंगामात माणूस उतरतोच, हे गावानं धरलेलं असतं. त्यामुळे वजन घटणं ही इथं तक्रार ठरत नाही. भूक मारायला आणि झोप उडवायला तंबाखूची चिमूट असते, मावा असतो. बायकांकडे मिश्रीची डबी असते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो कुठं मिळतो हे मात्र सांगायची गरज नाही. अशा ठिकाणी कर्करोग आतून शरीर पोखरत असला तरी त्याच्या पहिल्या खुणा कष्टाच्या खात्यावर सहज जमा होतात.

कर्करोग झालेल्यांच्या रक्तातले चरबीचे आकडे बदलतात, हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवायला मात्र काही दशकं गेली. ती हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण त्यातून उरलेला गैरसमज आजही फिरतो आहे.

१९७४ मध्ये लंडनचे जेफ्री रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडलं. हृदयविकाराच्या अभ्यासांसाठी ज्यांचं रक्त आधीच तपासून ठेवलं होतं, त्यांच्यातल्या काहींना पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. आहारातल्या चरबीमुळे हृदयविकार आणि हा कर्करोग दोन्ही वाढतात, असा तेव्हाचा तर्क होता. म्हणजे या लोकांचं कोलेस्टेरॉल जास्त असायला हवं होतं. ते निघालं अपेक्षेपेक्षा कमी. पुढच्या काही वर्षांत इतर अभ्यासांतही तसंच चित्र दिसलं आणि प्रश्न उभा राहिला: कोलेस्टेरॉल कमी असणं हेच कर्करोगाचं कारण तर नाही? स्टॅटिन गटातली औषधं तेव्हा दाराशी येऊन ठेपली होती. १९८७ मध्ये अमेरिकेत त्यातलं पहिलं औषध मंजूर झालं. हृदय वाचवायला कोलेस्टेरॉल उतरवायचं आणि कर्करोगाला आमंत्रण द्यायचं, असं तर होणार नाही ना, ही शंका रास्तच होती.

यावर १९८६ मध्ये मार्टिन काटान या डच शास्त्रज्ञानं एक छोटंसं पत्र लिहिलं, तेही ‘लॅन्सेट’मध्येच. त्याची युक्ती फार सुंदर होती. काही लोकांचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असतं, कारण त्यांना आईबापांकडून ‘एपीओई’ नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार मिळालेला असतो. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होत असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांत हे जनुक असणारे जास्त सापडायला हवेत. आणि कर्करोगामुळेच कोलेस्टेरॉल कमी होत असेल, तर जनुकांत काहीच फरक दिसणार नाही. आजार पुढे झाला म्हणून कुणाचं जनुक बदलत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. काटान यांच्याकडे तेव्हा आकडेवारी नव्हती, फक्त कल्पना होती. २०११ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी ती मोठ्या प्रमाणावर तपासली. रक्तात एलडीएल कमी असलेल्यांत कर्करोग जास्त दिसला. पण ज्यांचं एलडीएल जनुकांमुळे आयुष्यभर कमी होतं, त्यांच्यात तो जास्त नव्हता.

फिनलंडमधून आलेला पुरावाही तसाच बोलका आहे. तिथं २९,०९३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा १८ वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीला कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांत कर्करोग कमी, असा संबंध दिसला. मग संशोधकांनी पहिल्या नऊ वर्षांत निदान झालेले रुग्ण बाजूला काढले आणि पुन्हा हिशेब केला, तेव्हा तो संबंध जवळपास नाहीसा झाला. याचा अर्थ, निदानाच्या आधी काही वर्षं लपून असलेला आजारच रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवत असावा. आणि स्टॅटिनचं म्हणाल, तर २०१२ मध्ये २७ चाचण्यांमधल्या पावणेदोन लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग वाढला नाही, कमीही झाला नाही. तेव्हा ‘कोलेस्टेरॉलच्या गोळीनं कॅन्सर होतो’ असं कुणी पारावर सांगितलं, तर ती चाळीस वर्षांपूर्वीची शंका आहे आणि तिचं उत्तर मिळालेलं आहे.

मग कर्करोग कोलेस्टेरॉल उतरवतो कसा? पेशीच्या भोवतीचं आवरण बनवायला कोलेस्टेरॉल लागतं. भराभर वाढणाऱ्या पेशींना ते जास्त लागतं, म्हणून त्या रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. एलडीएल आत घेणारी पेशीवरची ही दारं शोधल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी स्वीडनच्या संशोधकांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हे प्रत्यक्ष दाखवलं. ज्यांच्या बिघडलेल्या पेशींवर अशी दारं जास्त, त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी. केमोथेरपीनं त्या पेशी नाहीशा होऊ लागल्या, तसं ते वर चढलं.

घट्ट गाठीच्या कर्करोगात एवढं सरळ गणित नसतं. तिथं शरीरभर चालू असलेल्या दाहामुळे यकृताचं कामकाज बदलतं, एचडीएल आणि एलडीएल दोन्ही घसरतात. शिवाय तोंडाला जखम असली की खाणंच तुटतं. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एका रुग्णापुरतं सांगता येत नाही.

आपल्याकडच्या आजाराशी जवळचा अभ्यास अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला आहे. तो २००४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आला. डोकं-मानेच्या कर्करोगाचे १८४ रुग्ण, कर्करोगाआधीचे चट्टे किंवा तोंड न उघडण्याचा त्रास असलेले १५३ जण आणि काही निरोगी माणसं, अशी तुलना त्यात होती. कर्करोगाच्या रुग्णांत एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड कमी होती. कर्करोगाआधीच्या अवस्थेतल्या लोकांतही कोलेस्टेरॉल आणि एचडीएल उतरलेलं दिसलं. तंबाखू खाणाऱ्यांत ही पातळी न खाणाऱ्यांपेक्षा कमी होती.

हे वाचून कुणाला वाटेल, की मग लिपिड प्रोफाइल हीच तोंडाच्या कर्करोगाची स्वस्त तपासणी! तसं अजिबात नाही. कमी कोलेस्टेरॉल कुपोषणात दिसतं, क्षयरोगात दिसतं, थायरॉइड जास्त काम करत असेल तर दिसतं, यकृत खराब झालं तर दिसतं. काही धडधाकट माणसांचं ते मुळातच कमी असतं. तोंडाचा कर्करोग ओळखायला रक्त काढावंच लागत नाही. बॅटरीचा उजेड आणि बघणारे डोळे लागतात. दोन आठवड्यांत न भरणारा चट्टा, पांढरा किंवा लाल डाग, तिखट न सोसणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय गाठावं. निदान चट्ट्याचा तुकडा तपासूनच होतं. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात, पण त्यात तोंड उघडून बघणं बहुधा नसतंच. हे मला नेहमी विचित्र वाटत आलं आहे.

निदान झाल्यावर आकड्यांचा दुसरा खेळ सुरू होतो आणि घरातली माणसं तिथंच जास्त फसतात. रुग्ण वाळत चाललेला असतो, एचडीएल घसरलेलं असतं, पण ट्रायग्लिसराइड २५०-३०० येतं. ‘खात काही नाही, मग चरबी वाढली कशी?’ असा प्रश्न पडतो. कर्करोगात शरीर साठवलेली चरबी वितळवून रक्तात सोडत असतं. ती उचलून वापरायला मदत करणारं विकर दाहामुळे मंदावतं. म्हणजे रिपोर्टवर दिसणारी ती वाढलेली चरबी ताटातून आलेली नसते. माणूस आतून झिजत असल्याचा तो पुरावा असतो. आणि आपण काय करतो? तेल बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद, अंडं तर नकोच. वरणाचं पाणी आणि कोरडी भाकरी समोर ठेवतो.

या रुग्णांसाठी युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेनं दिलेला हिशेब नेमका उलटा आहे. वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० उष्मांक आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं. वजन घटत असेल आणि शरीर साखर नीट वापरत नसेल, तर उष्मांकांतला चरबीचा वाटा वाढवावा, असं ते सांगतात. ४५ किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला साधारण ११०० ते १३५० उष्मांक आणि किमान ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत. तोंड आलेलं असताना भाकरी खाऊन एवढं पोटात जाणं शक्य नाही. चमचाभर तेलातुपात ४० उष्मांक असतात आणि ते चावावं लागत नाही. ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून त्यावर तूप, मऊ खिचडी, बिनतिखटाचं पातळ पिठलं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेलं वरण, मऊ उकडलेलं अंडं. हे सगळं आपल्याच घरातलं आहे. तिखट तेवढं बाजूला ठेवायचं. प्रथिनांच्या महागड्या डब्यासाठी उसनवारी करण्याआधी हे करून बघायला हरकत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ट्रायग्लिसराइड हजाराच्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि तिथं स्निग्ध पदार्थ खरोखरच थांबवावे लागतात. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं जाणारं ॲस्परॅजिनेज हे इंजेक्शन स्टेरॉइडबरोबर दिलं, की काहींची ट्रायग्लिसराइड अशी चढतात. कधी तर काढलेल्या रक्तातला पातळ भाग दुधासारखा पांढरट दिसतो. पालक घाबरून जातात. उपचार करणाऱ्यांना हे माहीत असतं. मुलाच्या खाण्यात काय बदल करायचा ते त्यांनीच ठरवायचं, शेजाऱ्यांनी नाही.

इतरही औषधं आकडे हलवतात. स्तनाच्या कर्करोगात दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन एलडीएल उतरवतं, पण काहींची ट्रायग्लिसराइड वाढवतं. पाळी गेलेल्या स्त्रियांना टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा ॲनॅस्ट्रोझोल सुरू केलं, तर एलडीएल वाढलेलं दिसू शकतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक दाबणाऱ्या इंजेक्शनांमुळे चरबी आणि साखर दोन्ही वाढू शकतात. पित्तनळी किंवा स्वादुपिंडाच्या गाठीमुळे कावीळ झाली असेल, तर कोलेस्टेरॉल एकदम उंच जातं, कारण पित्ताची वाटच बंद असते. तिथं गोळी किंवा पथ्य यांचा उपयोग नाही. वाट मोकळी झाली की आकडा खाली येतो.

संप्रेरकांचा विषय निघाला की बीडचं नाव टाळता येत नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणाचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जाणं, पाठदुखी, पाळीचा त्रास घेऊन गेलेल्या कित्येक बायकांना ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेल्याचं त्या वेळी समोर आलं. या शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले असतील, तर तिशी-पस्तिशीतच इस्ट्रोजेन संपतं. यकृतावरची एलडीएल ओढून घेणारी दारं उघडी ठेवण्यात इस्ट्रोजेनचा हात असतो. तो गेला की एलडीएल वाढतं, आणि हृदयविकाराचा धोका वयाच्या कितीतरी आधी सुरू होतो. बीजकोश शाबूत असतील तर एवढी चिंता नाही. पण आपले बीजकोश आहेत की गेले, हेच अनेक बायकांना सांगितलेलं नसतं. जुना डिस्चार्ज कागद सापडला तर तो डॉक्टरांना दाखवावा. नसेल तर सोनोग्राफीचा विचार करता येतो. पंचेचाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाईचं लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब तपासायला हवा, तिची तब्येत कितीही काटक दिसो.

ज्या रोगाची भीती घातली गेली, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, जगानं दखल घेतलेला अभ्यास झाला होता. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर तो चालला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पिशवी काढून नव्हे, वेळेत तपासून.

आता आधीपासून चालू असलेल्या स्टॅटिनच्या गोळीबद्दल. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला कर्करोग निघाला, तर ‘आता कॅन्सरचंच बघू’ म्हणून घरचे ती गोळी परस्पर बंद करतात. बरा होण्याजोगा कर्करोग असेल तर हे धोक्याचं आहे. कर्करोगातून वाचलेला माणूस हृदयानं जाऊ शकतो. मात्र केमोथेरपीच्या डॉक्टरांना ती गोळी दाखवायलाच हवी, कारण बुरशीवरची आणि काही प्रतिजैविक औषधं तिच्याबरोबर जमत नाहीत, स्नायूंना इजा होते. याउलट आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर गोळी बंद करण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून जरूर करावा. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे ३८१ रुग्ण होते, त्यातले जवळपास निम्मे कर्करोगाचे. स्टॅटिन थांबवलेल्यांत ६० दिवसांतले मृत्यू लक्षणीय वाढले नाहीत, आणि त्यांचे दिवस थोडे बरे गेले. मूठभर गोळ्या गिळताना जिवावर येणाऱ्या माणसाला एक गोळी कमी होणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

एक अगदी व्यवहारातली बाब राहिली. लिपिड प्रोफाइलसाठी बारा तास उपाशी राहायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आष्टीहून किंवा धारूरहून पहाटेची एसटी धरून निघालेला अशक्त रुग्ण दुपारी रक्त देईपर्यंत चहासुद्धा घेत नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे सांगितलं, की नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशीपोटाची गरज नाही. खाल्ल्यानंतरच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ४४० च्या वर आलं, तरच पुन्हा उपाशीपोटी बघण्याचा विचार करावा. एक मेख लक्षात ठेवायची: बऱ्याच रिपोर्टवरचं एलडीएल मोजलेलं नसतं, एकूण कोलेस्टेरॉलमधून वजाबाकी करून काढलेलं असतं, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की ती वजाबाकी चुकते. साखर उपाशीपोटी बघायची असेल तर गोष्ट निराळी. म्हणून चिठ्ठी घेतानाच विचारून घ्यावं, ‘डॉक्टर, हे खाऊन दिलं तर चालेल का?’ चालेल म्हणाले तर निघताना डब्यात कण्या घ्याव्यात, वर तूप घालून.